शाकारणीआधी माळा रिकामा करताना: १३ एप्रिल ते ३ सप्टेंबर २०२५

हर्णैपासून थोडं आत, दापोली तालुक्यात आमचं घर. जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. ओटी, पडवी, माजघर, माजघराला लागून आतली खोली, स्वयंपाकघर, कोठी आणि या सगळ्यावर माळा. एरवी आम्ही सहा जणं: सासूबाई, चुलत सासरे, नवरा, मी आणि दोन मुलं. गणपतीत १९. मी शाळेत शिकवते. नवरा बाग बघतो, म्हणजे एप्रिल-मे तो घरात फक्त जेवायला असतो.

यंदा दोन कामं अडून बसली होती. शाकारणीवाल्याने (पावसाळ्याआधी कौलं नीट करून देणाऱ्याने) गेल्याच वर्षी सांगितलं होतं की माळा मोकळा केल्याशिवाय कौलांना हात लावणार नाही. दुसरं म्हणजे नणंद जूनमध्ये बाळंतपणाला येणार. तिच्यासाठी आतली खोली हवी आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिशेब केला होता की मृग लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनपर्यंत, आठ आठवडे हातात आहेत. ज्यांना असंच जुनं, भरलेलं घर आवरायचं आहे त्यांच्यासाठी नोंदी ठेवल्या. कुठे चुकलं तेही लिहिलं आहे.

१३ एप्रिल, रविवार

आज काही हलवलं नाही. वही घेऊन फिरले आणि मोजलं. माळ्यावर आंब्याच्या लाकडी पेट्या २३ (आता माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो, पेट्यांना दहा वर्षं कोणी हात लावलेला नाही), कौलं १४०, कापसाच्या गाद्या ११, पत्र्याच्या ट्रंका ४, जुना काचेचा टीव्ही, पाळणा, घिरट (भात भरडायचं जातं), दोन इरली (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायची पानांची आच्छादनं), फवारणीच्या औषधांचे डबे. स्वयंपाकघरात झाकणं ३८ आणि ती बसतील अशी भांडी २२. आतल्या खोलीत मोजणी सोडून दिली, कारण दार अर्धंच उघडतं.

माळ्यावरचं निम्मं सामान निसर्ग वादळानंतरचं आहे. ३ जून २०२० ला आमची मागची पूर्ण बाजू उडाली. छप्पर पुन्हा घातल्यावर जे हाताला लागलं ते वर चढवलं आणि ते पाच वर्षं तिथेच राहिलं. त्या पावसाळ्यात कौलं मिळत नव्हती, म्हणून मिळाली तेव्हा जास्तीची घेऊन ठेवली.

वेळ: तीन तास. हे तीन तास पुढे फार उपयोगी पडले. मोजणी वगळू नका.

२० एप्रिल, रविवार

आजची चूक सगळ्यात मोठी, म्हणून सविस्तर लिहिते.

एक खोली घ्यायची, संपवायची, मग दुसरी, असं ठरवून आतल्या खोलीपासून सुरुवात केली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. दुपारपर्यंत काम झपाट्याने झालं. खाटेखाली जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचं एक बोचकं होतं, विटलेलं, काही तुकडे फाटलेले. नाक्यावरच्या गॅरेजला पुसायला चिंध्या लागतात, म्हणून मुलाच्या हाती ते पाठवून दिलं.

संध्याकाळी सासूबाई खोलीत गेल्या आणि खाटेखाली वाकून बघत राहिल्या. मग विचारलं, "इथलं बोचकं गो?"

ती लुगडी त्यांच्या आईची आणि सासूची होती. वीस-वीस वर्षं धुवून मऊ झालेलं सुती कापड. लेकीच्या बाळाला दुपटी आणि लंगोट शिवायला त्यांनी ते जपून ठेवलं होतं. नवं कापड बाळाच्या अंगाला बोचतं, हे त्या मला माझ्या मुलांच्या वेळी सांगत होत्या आणि माझ्या मुलांची दुपटीही त्यातलीच होती. मला ते ओळखता आलं नाही.

नवरा लगेच गॅरेजला गेला. साधारण निम्मे तुकडे परत मिळाले, उरलेले ऑईलमध्ये भिजले होते. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार

तीन दिवस काम बंद. आज सासूबाईंजवळ बसले आणि माफी मागितली. मग विचारलं, "आई, या घरातलं कुठलं सामान कोणाचं, ते मला सांगाल का?" त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. दोन तासांत आठ पानं झाली.

ती आठ पानं वाचल्यावर कळलं की माझी पद्धतच उलटी होती. आमच्या घरातला पसारा खोल्यांचा नाही, माणसांचा आहे. मुंबईच्या दिरांनी भाड्याची खोली बदलली तेव्हा आणून ठेवलेल्या दोन ट्रंका. आत्यांच्या लग्नातला पाळणा. काकांची, म्हणजे चुलत सासऱ्यांची, बैल असतानाची अवजारं. गेलेल्या सासऱ्यांचे कागद. घरात राहणारी आम्ही सहा, पण सामान चौदा जणांचं. आणि जो इथे नाही, त्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. म्हणून ती राहते.

नवी पद्धत: वस्तू कुठे आहे ते बघायचं नाही, कोणाची आहे ते बघायचं. प्रत्येकीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी. ज्याची वस्तू, निर्णय त्याचा. निर्णयाची शेवटची तारीख गणपती, कारण तेव्हा सगळे इथे असतात.

२ मे, शुक्रवार

काल शाळेचा निकाल लागला, आजपासून सुट्टी. चिठ्ठ्यांसाठी आधी कागद आणि गोंद वापरला. दोन दिवसांत निम्म्या चिठ्ठ्या गळून पडल्या, काही झुरळांनी कुरतडल्या, कारण गोंद त्यांना आवडतो. मग पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या, त्यावर मार्करने नाव लिहिलं आणि सुतळीने बांधल्या. त्या शेवटपर्यंत टिकल्या.

प्रत्येक वस्तूचा फोटो नंबर घालून घरच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं बघून काम थांबतंय असं वाटलं. भाऊजींचं उत्तर, "वहिनी, असू दे सध्या." आत्यांचं, "तुम्हीच बघा काय ते." ही उत्तरं म्हणजे निर्णय नव्हेच. म्हणून प्रश्न बदलला. 'ठेवू की टाकू' असं विचारणं बंद केलं. 'नं. १७ तुम्ही गणपतीत नेणार, इथे कोणाला वापरायला देणार, की भंगारात देऊ?' असं विचारलं. तीन वाटा दिल्यावर दोन दिवसांत ६१ पैकी ४४ वस्तूंची उत्तरं आली.

५ आणि ६ मे

माळा. दोन गडी, ८०० रुपये रोजाने दोन दिवस: ३,२०० रुपये. सकाळी सात ते अकरा एवढंच काम होतं. नंतर कौलांखाली उभं राहवत नाही.

आधी खाली खळ्यात मांडवाखाली ताडपत्री पसरली आणि चुन्याने चौकोन आखले, माणशी एक. वरून आलेली वस्तू थेट आपल्या चौकोनात. हे फार चांगलं झालं. गड्यांना काही विचारावं लागलं नाही, मुलगीसुद्धा चिठ्ठी वाचून वस्तू लावत होती.

२३ पेट्यांपैकी भिंतीला टेकलेल्या ९ वाळवीने आतून पोकळ केल्या होत्या. उचलल्या की हातात भुगा. भिंतीवरून मातीची बोटभर रुंद नळी थेट जमिनीपासून वर गेली होती आणि ती पेट्यांच्या आड असल्याने कोणाला दिसलीच नाही. वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळत अशा नळीतूनच चढते. म्हणून आता नियम केला आहे की कुठलंही सामान भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे नळी चढली तर दिसते. पोकळ पेट्या लगेच बंबाखाली घातल्या. पोखरलेलं लाकूड घराजवळ रचून ठेवू नका.

फवारणीच्या औषधांची बाब गंभीर आहे. अर्धवट उरलेल्या ७ बाटल्या आणि डबे निघाले, तिघांवरचं लेबल गेलेलं. त्यातच झाडांना मोहोरासाठी घालतात त्या पॅक्लोब्युट्राझोलचाही एक डबा. आणि हे सगळं चिनीमातीच्या लोणच्याच्या बरण्यांना लागून ठेवलेलं होतं. एक रिकामा कॅन डिझेल आणायला वापरला जात होता. गडी म्हणाला, वहाळात ओततो. त्याला थांबवलं, कारण खालच्या वाडीची विहीर वहाळाच्या काठावर आहे. उरलेली औषधं त्यांच्या मूळ डब्यांतच उभी, झाकणं घट्ट लावून, कुलपाच्या पेटीत, घराबाहेर गोठ्यात ठेवली. रिकामे डबे पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून भोकं पाडली. नवऱ्याशी यावरून वाद झाला, पण हे करून घेतलं. घरात आता लहान बाळ येणार आहे.

९ मे, शुक्रवार

भंगारवाला आला. लोखंड ६४ किलो, २४ रुपयांनी १,५३६. रद्दी ४१ किलो, ९ रुपयांनी ३६९. प्लास्टिक १८ किलो, १० रुपयांनी १८०. एकूण २,०८५ रुपये.

वजन आपल्या काट्यावर आधी करून ठेवा. आमच्याकडे आंब्याचा काटा आहे म्हणून पहिल्या खेपेतला सहा किलोंचा फरक लक्षात आला.

टीव्ही त्याने तिथेच फोडून आतलं तांबं काढायला घेतलं. फोडू दिला नाही. त्या काचेत शिसं असतं आणि खळ्यात आमच्याकडे आमसुलं वाळतात. टीव्ही गोठ्यात तसाच आहे, अख्खा उचलून नेणारा मिळेपर्यंत राहील. हे काम अपुरं आहे.

तांब्या-पितळेची भांडी दिली नाहीत. हंडा, दोन घंगाळी, कळश्या. सासूबाईंनी विचारण्याआधीच मी ती बाजूला काढली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी स्वतः चिंच लावून हंडा घासायला बसल्या.

१० ते १७ मे

बागेत शेवटची तोड. आवरण्याचं काम शून्य. सामान खळ्यात ताडपत्रीवर तसंच.

शाकारणीवाला १४ आणि १५ ला येऊन गेला, तेवढं झालं. ८५ कौलं बदलली, सगळी आपल्याच साठ्यातली. कोन्याची चार मात्र विकत आणावी लागली. मजुरी धरून ५,४०० रुपये. साठवलेलं प्रत्येक सामान पसारा नसतं, हे यावेळी खरं ठरलं. उरलेली ५५ कौलं मागीलदारी उभी रचली, काकांच्या नावाने.

१८ मे, रविवार

सासऱ्यांची कागदांची ट्रंक उघडली. चिठ्ठीवर नाव कोणाचं घालायचं, तेच कळेना. शेवटी सासूबाईंचं घातलं.

वरच्या थरात घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, दाखले. खाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा: मनीऑर्डरची कुपनं. सासरे मुंबईत गिरणीत असताना दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि पोस्टमन फॉर्मचा खालचा तुकडा फाडून सासूबाईंना द्यायचा. त्यावर चार ओळींची जागा असायची. 'कौलाचे पैसे वेगळे ठेव.' 'धाकट्याला डॉक्टरकडे ने.' सासूबाईंनी एकही तुकडा टाकलेला नाही. कसरीने कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर शाबूत आहे.

उद्या फोटो काढायचे ठरवून ट्रंक पडवीच्या कडेला ठेवली. झाकण नीट बसत नव्हतं, तसंच ठेवलं.

२० ते २४ मे

२० ला संध्याकाळी पाऊस सुरू झाला. वळीव असेल, तासाभरात थांबेल असं धरून आम्ही मोठ्या गोष्टी तेवढ्या झाकल्या. थांबला नाही. रात्री वाऱ्याने मांडवाची एक बाजू सोडली आणि पडवीत आडवा पाऊस आला. शनिवारी, २४ ला, समुद्रातलं वादळी क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधेच किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, २५ ला कोकणात आणि २६ ला मुंबईत. माझा सगळा हिशेब मृगाचा होता आणि पाऊस पंधरवडाभर आधी आला.

नुकसान: ११ पैकी ३ गाद्या कुजल्यासारख्या झाल्या, टाकल्या. आमसुलांची दीड पायली गेली. पुस्तकांची दोन खोकी गेली. पुठ्ठा आधी पाणी पितो आणि मग आतल्या वस्तूला पाजतो, त्यामुळे कोकणात साठवणीला पुठ्ठ्याचं खोकं वापरूच नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आणि ट्रंकेत तळाला दोन बोटं पाणी.

कुपनांचा गठ्ठा एकमेकांना चिकटला होता. इथे घाई केली नाही, हे एक बरं केलं. पानं ओढून वेगळी केली नाहीत. गठ्ठा उभा करून पाणी निथळू दिलं, मग जुन्या वर्तमानपत्रांच्या मधे सपाट ठेवून पंखा लावला, थेट कागदावर नाही, भिंतीकडे तोंड करून. दर दोन तासांनी वर्तमानपत्र बदललं. वीज गेली की मुलं सुपाने वारा घालत होती. थोडं सुकलं की वरचं कुपन आपोआप सुटतं, मग पुढचं. इस्त्री आणि ऊन दोन्ही टाळलं, कागद वाकडा होऊन मोडतो. दौतीच्या शाईची अक्षरं बरीच पसरली. बॉलपेनची आणि पेन्सिलची टिकली.

चार दिवस हेच काम. १३२ कुपनांपैकी ११८ वाचता येतात. १४ गेली. ती १४ माझ्या एका दिवसाच्या आळसामुळे गेली. फोटो १८ लाच काढायला हवे होते.

सासूबाई शेजारी बसून होत्या. सुटलेलं प्रत्येक कुपन हातात घेऊन कुठल्या वर्षीचं ते सांगत होत्या. पसरलेल्या शाईचं एक मी बाजूला ठेवत होते, तर म्हणाल्या, "ते इकडे दे. त्यात काय लिहिलंय, मला पाठ आहे." त्यांनी सांगितलं तसं मी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलं. अशी नऊ कुपनं भरून निघाली.

८ जून, रविवार

आतली खोली रिकामी झाली. चुना लावला.

दोन लोखंडी रॅक आणले, ५,६०० रुपये. खारी हवा आणि ओली फरशी. दहा दिवसांत पायांना गंज. पाय घासून प्रायमर लावला आणि खाली पाण्याच्या पाइपाची प्लास्टिकची टोपणं बसवली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कोठीत रॅक न घेता चिऱ्यांवर फळ्या टाकल्या, खर्च फक्त फळ्यांचा, ९०० रुपये. आगोटीचं (पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं) सामान, कडवे वाल, कुळीथ, तांदूळ, मीठ, सगळं जमिनीपासून वर आलं.

गोधड्या आणि पांघरुणं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवली.

१७ जून, मंगळवार

नणंदेला मुलगी झाली. गॅरेजमधून परत आलेल्या तुकड्यांची नऊ दुपटी झाली आहेत. सासूबाईंनी आठ शिवली, एक मला शिवायला दिलं.

२० जुलै, रविवार

प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या आणि आंबूस वास आला. चार गोधड्यांवर काळे ठिपके. मेमध्ये त्यांना एकच दिवस ऊन मिळालं होतं. आतली ओल पिशवीत कोंडली आणि तिथेच बुरशी धरली. दोन गोधड्या धुवून वाचल्या, दोन गेल्या.

आता पांघरुणं जुन्या चादरीत सैल बांधून, सोबत वेखंडाचे तुकडे घालून, भोकांच्या आंब्याच्या क्रेटमध्ये ठेवली आहेत. बागेत पडून असलेले १२ क्रेट घासून घेतले, खर्च काही नाही. हवा खेळते, एकावर एक बसतात, वाळवी खात नाही. उघडीप मिळाली की क्रेटच पडवीत आणायचा. सबंध कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. एकूण खर्च १८,३५० रुपये, भंगाराचे वजा जाता १६,२६५. दिवस मोजले तर ३१, त्यातले निदान ११ चुका निस्तरण्यात गेले. ८ गाद्या धड आहेत, ६ चटया. १९ माणसं आणि बाळ मावतील. झाकणं आता २२.

मालकांची वाट बघणाऱ्या वस्तू १७. सगळ्या ओटीच्या एका बाजूला लावल्या, चिठ्ठ्या समोर दिसतील अशा.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. आज सकाळच्या गाडीने मुंबईची मंडळी गेली.

१७ पैकी १२ वस्तू मार्गी लागल्या. पाळणा आत्यांनी स्वतः पुसला आणि म्हणाल्या, बाळ इथे आहे तोवर तिला घाला, मग बघू. चिठ्ठीवरचं नाव त्यांनीच खोडून नणंदेचं लिहिलं. काकांनी अवजारांतला नांगर ठेवला, बाकी दिलं. घिरट आणि इरली हलणार नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्यांची चिठ्ठी आता 'घराची' अशी आहे.

भाऊजींनी पहिली ट्रंक उघडली, अर्ध्या तासात रिकामी केली, भांडी वाडीतल्या एका घराला दिली. दुसऱ्या ट्रंकेत त्यांच्या गेलेल्या मुलाची शाळेची वह्या-पुस्तकं होती. मला हे माहीत नव्हतं. त्यांनी वरची एक वही काढली, थोडा वेळ बसले आणि झाकण लावलं. "वहिनी, हे राहू दे का इथे?"

मी हो म्हटलं. ट्रंक आतल्या खोलीत चिऱ्यांवर ठेवली आहे, भिंतीपासून वीतभर लांब. आत वेखंड घातलं. चिठ्ठीवरची तारीख काढून टाकली.